समुद्रकाठच्या शहरात मैलापाण्याच्या गाळाचं कंपोस्ट करणं खरंच टिकाऊ आहे का?

टिकाऊ आहे. पण तुम्ही समुद्रकाठचं शहर म्हणालात, म्हणून मिठाबद्दल आधीच सावध करतो. अशा कंपोस्टच्या ढिगांवर मी काही वर्षं काम केलंय.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात तळाशी साचणारा गाळ यंत्रात पिळून काढला तरी त्यात 75-80 टक्के पाणीच असतं. हाताला तो ओल्या चिकणमातीसारखा लागतो, आत हवा शिरत नाही. नुसता ढीग लावला तर सडून घाण सुटते. त्यात लाकडाचा, छाटलेल्या फांद्यांचा जाडसर चुरा मिसळून ओल 60 टक्क्यांच्या आत आणावी लागते. मिश्रण मुठीत आवळा. बोटांतून पाणी ओघळलं तर चुरा अजून हवा. जंतांची अंडी मरायला उष्णता लागते. अमेरिकेच्या 1993 च्या नियमांत उघड्या रांगांच्या ढिगांसाठी किमान 55 अंश सेल्सिअस, 15 दिवस आणि त्या काळात 5 वेळा उलथापालथ सांगितली आहे. उलथापालथ टाळू नका, कारण वरचा थर गारच राहतो.

आता मीठ. जुन्या, तडे गेलेल्या मैलावाहिन्यांत भरतीला खारं पाणी झिरपतं आणि त्यातलं मीठ गाळात येतं. ढीग कुजताना पाणी उडतं, वजन घटतं, मीठ मात्र तेवढंच राहतं. म्हणजे खतात ते आणखी दाट होतं. जड धातूंचंही तसंच. एकदा आमचं खत काळंभोर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं झालं होतं. मी हरखलो होतो. त्यात मुळ्याचे दाणे पेरले, तर जेमतेम चौथा हिस्सा उगवला, तोही कडेने करपलेला. क्षारता मोजली तेव्हा कारण कळलं. त्यात भर घातलेला नारळाच्या काथ्याचा भुसाही खाऱ्या पाण्यात कुजवलेला निघाला! तेव्हापासून भुसा तपासल्याशिवाय मी घेत नाही.

पावसाने मीठ धुऊन जाईल अशी आशा धरू नका. ते पाणी खाडीत जातं, सोबत नायट्रोजनही. ढिगावर छप्पर आणि खाली पक्की फरशी हवीच.

तरी गाळ समुद्रात ओतण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अमेरिकेत असं ओतणं 1992 मध्ये थांबलं, युरोपीय संघात 1998 अखेर.

तुमच्या शहरात हे सुरू होणार असेल, तर केंद्रात येणाऱ्या मैलापाण्यातलं क्लोराइड (मिठाचा एक घटक) भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळं मोजायला सांगा. फरक मोठा आला तर पैसा आधी वाहिन्यांच्या दुरुस्तीत घालावा.