"माझ्यात पेशन्सच नाही हो!"

रक्तगट सांगावा तसं लोक हे वाक्य सांगतात. जन्मतःच मिळालं नाही, त्याला आता काय करणार, असा सूर असतो. समुपदेशक म्हणून इतक्या जणांकडून ते ऐकलंय की एकीची हकिगत लिहायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती फिजिओथेरपिस्ट. पक्षाघातानंतर लोकांचे हातपाय पुन्हा चालते करायचे, हे तिचं काम. तक्रार घरची होती. सकाळी ७ वर्षांचा मुलगा बुटाची नाडी बांधायला बसला की हिचं डोकं फिरायचं. आधी "आटप", मग आवाज चढायचा, शेवटी त्याचा पाय ओढून ही स्वतःच गाठ मारायची. मुलगा रडत शाळेत, ही दिवसभर मनाला खात कामावर.

"आकडे मोजून पाहिले, मॅडम. दहापर्यंत मोजते आणि अकराव्याला ओरडते."

तिला माझ्याकडून उपाय हवे होते. मी मात्र तिच्या कामाबद्दलच विचारत राहिले. एकदा ती एका आजोबांविषयी रंगून सांगत होती. शर्टाचं एक बटण लावायची त्यांची धडपड चाललेली, बोटं काजापर्यंत येत आणि घसरत. शेजारी बसलेल्या बायकोचा हात सारखा पुढे जाई.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काकूंना थांबवलं. म्हटलं, घाई करू नका, त्यांचं त्यांना लावू द्या. आपण लावून दिलं तर हात शिकणार कसा?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा? त्याला वेळ लागतोच."

"आणि नाडीला?"

ती बोलायला गेली आणि थांबली. मीही गप्प राहिले. अशा वेळी तोंड न उघडणं हे समुपदेशनातलं अर्धं काम असतं, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याला एव्हाना यायलाच हवं, असं मी धरून चाललेय."

म्हणजे संयमाचा तुटवडा नव्हताच! जिथे वेळ लागणार हे तिने मान्य केलं होतं, तिथे तो मुबलक होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून हेच मांडत राहिले आणि माझा सगळा भर त्यांच्यावर आहे: उशीर आपल्याला त्रास देतो, पण भडका उडतो तो 'असं होताच कामा नये' आणि 'मला हे सहनच होत नाही' या आपल्याच हुकमांमुळे. हुकूम तसाच ठेवून आकडे मोजले तर अकराव्याला ओरडणारच.

मग तिने कागदावर लिहिलं: 'त्याने पटकन आवरलं तर मला आवडेल. नाही आवरलं तर उशीर होईल, वैताग येईल, पण ते मला झेपेल.' तिला हे गुळमुळीत वाटलं. मी म्हटलं, गुळमुळीत असू दे, खरं आहे ना? नाडीला प्रत्यक्षात किती वेळ लागतो तेही तिने घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं. तिच्या सकाळच्या हिशेबात त्यासाठी एक मिनिटही नव्हतं. घाईतली निम्मी भांडणं अशा चुकलेल्या हिशेबाची असतात, म्हणून मी आधी वेळापत्रक तपासायला लावते.

ऐन वेळी काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. तिचं ठरलं: जबडा आवळल्याचं जाणवलं की दोन्ही हात पाठीमागे आणि श्वास सावकाश सोडायचा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, आणि हात मागे असले की पाय ओढता येत नाही. शिवाय एक सराव, यावर माझा जरा हट्टच असतो: मुद्दाम लांबच्या रांगेत उभं राहायचं, मोबाइल पर्समध्ये ठेवून. 'सहन होत नाही' हे खोटं आहे, याचा पुरावा तिथे स्वतःच्याच अंगावर मिळतो.

ती अजून कधीकधी ओरडते, विशेषतः झोप पुरी झालेली नसताना. अशा दिवशी स्वतःकडून कमीच अपेक्षा धरावी. मात्र एरवी शांत असलेलं माणूस आठवडेच्या आठवडे चिडचिडं झालं असेल, झोप-भूक बदलली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉइड किंवा नैराश्यही यामागे असू शकतं. आणि समोरचा रोज अपमान करत असेल, तर तिथे संयम कसा वाढवायचा हे मी शिकवत नाही. तिथे 'हे चालणार नाही' असं स्पष्ट म्हणायची तयारी करून घेते.