‘हा सांगतच नाही, मग नंबर कसा काढणार?’ : डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या डोळ्यांबद्दल

ताई, मधूनच वाचायला आलेल्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगा अकरा वर्षांचा, डाऊन सिंड्रोम, घर धायरीला. वही नाकाला लावून बघतो, जिना उतरताना कठडा सोडत नाही, डोळे सारखे चोळतो. चष्म्याच्या दुकानात नेलंत तर ‘हा अक्षरं वाचत नाही, मोठा झाला की आणा’ म्हणून परत पाठवलं. शाळेचं म्हणणं, त्याचं लक्षच नसतं. तुम्हाला विचारायचंय की तपासणी खरंच होते का, तो चष्मा ठेवेल का आणि दिव्यांग प्रमाणपत्रावर दृष्टीचं काही लिहून घ्यावं का.

मी डॉक्टर नाही. विशेष शाळेत शिकवण्यात उमर गेली आणि मुलांबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात बरंच बसले, त्या जोरावर लिहितेय. औषधाचं प्रमाण वगैरे मला विचारू नका.

तपासणी होते. ‘मोठा झाला की आणा’ हा सल्ला तर अजिबात ऐकू नका, कारण आळशी डोळा, म्हणजे मेंदूने एका डोळ्याकडे दुर्लक्ष करून त्याची नजर मागे पडणं, असेल तर त्यावरच्या उपायाला जितका उशीर, तितका फायदा कमी.

अक्षरं वाचून दाखवणं हा नंबर काढण्याचा एक मार्ग झाला. रेटिनोस्कोपी नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात पेशंटने तोंडातून एक शब्दही काढावा लागत नाही. खोलीत अंधार करतात. तपासणारा हातभर अंतरावर बसतो आणि हातातल्या बॅटरीसारख्या उपकरणातून प्रकाशाची बारीक पट्टी बाहुलीवर टाकतो. फ्लॅश मारलेल्या फोटोत डोळे लाल येतात ना, तशी लालसर चमक बाहुलीतून परत येते. पट्टी सरकवली की चमकही सरकते, कधी पट्टीच्या दिशेने, कधी उलट. मग डोळ्यापुढे एकेक भिंग धरून बघायचं. ज्या भिंगाला चमक सरकायची थांबते आणि सगळी बाहुली एकदम उजळते, त्यावरून नंबर निघतो. मुलाने काही क्षण समोर बघितलं की झालं, आणि ते क्षण तुकड्यातुकड्यांत मिळाले तरी चालतं. तान्ह्या बाळांचे नंबर असेच काढतात. मग अकरा वर्षांच्या मुलाचा का निघू नये?

नजर किती आहे हेसुद्धा न बोलता मोजता येतं. करड्या कार्डावर एका बाजूला काळ्यापांढऱ्या रेघा असतात, दुसरी बाजू कोरी. रेघा दिसल्या तर डोळे आपसूक तिकडे वळतात. रेघा बारीक बारीक करत न्यायच्या आणि डोळे कुठे वळायचे थांबतात ते बघायचं. तुमचा मुलगा जोड्या लावत असेल तर त्याहून सोपं: सफरचंद, घर, चौकोन, गोल अशी चित्रं असलेला ‘ली सिम्बॉल्स’चा तक्ता मिळतो. लांबचं चित्र बघून मांडीवरच्या कार्डावर तेच चित्र दाखवायचं. घरी आठवडाभर जोडीचा खेळ खेळून न्या, काम निम्म्यावर येतं.

आता जे नेहमीच्या तपासणीत निसटतं ते सांगते, आणि माझ्या मते तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपण लांबून जवळ बघितलं की डोळा आपोआप फोकस बदलतो. चाळिशीनंतर ही ताकद जाते म्हणून आपल्याला वाचायला चष्मा लागतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांत ही ताकद लहानपणापासूनच कमी असते. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या गटाने अशा मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात साधारण चारांतल्या तिघांना ही अडचण दिसली. म्हणजे लांबचा नंबर अगदी बरोबर दिला तरी वहीतलं अक्षर धूसरच. दहा मिनिटांत मूल वही सरकवून देतं, खिडकीबाहेर बघत बसतं आणि शेरा पडतो: लक्ष नाही. वही नाकाला लावतो म्हणजे फक्त लांबचा नंबर असेल असंही धरून चालू नका. जवळ नेलं की अक्षर मोठं होतं, धूसर का असेना, म्हणूनही मुलं तसं करतात.

जवळचा फोकस बघायची चाचणी वेगळी असते, तिला डायनॅमिक रेटिनोस्कोपी म्हणतात. मूल जवळचं चित्र बघत असतानाच ती करतात. ती बाहुली मोठी करणारे थेंब घालायच्या आधी व्हायला हवी, कारण थेंबांनी फोकसचा स्नायूच सैल पडतो. आपल्याकडे गर्दीत गेल्या गेल्या थेंब घालून बाकावर बसवतात. केसपेपर काढतानाच सांगा, ‘डाऊन सिंड्रोम आहे, थेंबांआधी जवळचा फोकस बघायचाय.’ सांगायला संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून द्या.

फोकस कमी निघाला तर बायफोकल देतात, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा. एवढ्याशा मुलाला आजोबांचा चष्मा, म्हणून नातेवाईक हसतील, हसू दे. मुलांच्या बायफोकलमध्ये खालच्या काचेची रेघ मोठ्यांपेक्षा वर, जवळपास बाहुलीच्या मध्याशी घ्यावी लागते, नाहीतर मूल वरच्या काचेतूनच वाचत राहतं. दुकानदाराला हे माहीत नसणं शक्य आहे, म्हणून डॉक्टरांकडून नंबराच्या कागदावरच लिहून आणा. नवा बायफोकल लावून जिना उतरताना मात्र पायरी खालच्या काचेतून धूसर दिसते. पहिले काही आठवडे हात धरून उतरवा.

कुठे जायचं? ‘पीडिॲट्रिक ऑप्थॅल्मॉलॉजी’ अशी पाटी शोधा. मोतीबिंदूची ऑपरेशनं उत्तम करणारा डॉक्टर मुलांच्या डोळ्यांत तितकाच मुरलेला असेल असं नाही. महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात मुलांचा विभाग आहे. धायरीहून लांब पडतं, पण सकाळी लवकर निघालात तर हडपसरची गर्दी टळते. ससूनलाही नेत्रविभाग आहे. दिवसातली पहिली वेळ मागा. दोन तास ताटकळलेलं मूल कुठल्याच डॉक्टरला दाद देत नाही, तिथे दोष सिंड्रोमचा नसतो.

आधी तयारी करून घ्या. दवाखान्याचं दार, खुर्ची, उपकरणं यांचे फोटो मोबाइलवर दाखवा. घरी दिवा घालवून टॉर्चचा खेळ खेळा, रिकामी फ्रेम नाकावर ठेवून दहा आकडे मोजा. आत गेल्यावर बोलणारा माणूस एकच असू दे. आई, बाबा, आजी आणि नर्स एकदम ‘इकडे बघ, वर बघ’ करायला लागले की शहाणं मूलही डोळे मिटेल. हात धरून, डोकं दाबून तपासणी करू देऊ नका. नाही जमलं तर पुन्हा जायचं. अगदीच अडलं तर भूल देऊन तपासतात, पण डाऊनच्या मुलांत भुलीआधी हृदयाची आणि मानेची माहिती लागते. त्यामुळे ती वेळ शेवटीच यावी.

थेंबांचं म्हणाल तर ते झोंबतात. मुलाला आडवं करून मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाकला आणि मग डोळा उघडायला लावला तरी औषध आत जातं. कधी घरीच तीन दिवस ॲट्रोपिनचं मलम लावायला सांगतात. ते लावल्यावर साबणाने हात धुवा, नाहीतर तुमचीच बाहुली मोठी होऊन बसेल. चेहरा लालबुंद झाला, ताप आला तर थांबवून डॉक्टरांना फोन करा. डाऊन असलेल्यांची बाहुली या औषधाला जरा जास्तच दाद देते. हृदयाचा त्रास असेल किंवा पूर्वी फिट आल्या असतील तर थेंबांआधी सांगायलाच हवं, काही थेंब फिटच्या मुलांना टाळतात. ॲट्रोपिनने जवळचं काही दिवस नीट दिसत नाही, म्हणून सुट्टीत उरकलेलं बरं. बाहेर नेताना टोपी घाला, मे महिन्याचं ऊन मोठ्या बाहुलीला सोसत नाही.

डोळे चोळण्याची सवय मला या सगळ्यात जास्त खटकते. डाऊनच्या मुलांत पापण्यांच्या कडांना कोंडा धरणं, ॲलर्जी, अश्रूनलिका अरुंद असणं हे सगळं असतं. पुण्यात उन्हाळा लागला की खाजेचे डोळे घरोघरी. पण या मुलांमध्ये केराटोकोनस, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं, इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि चोळण्याने ते वाढतं. साधारण किशोरवयात सुरू होतं, म्हणजे तुमच्या मुलाचं ते वय आता येतंय. तिरका (सिलिंड्रिकल) नंबर दर तपासणीला वाढत असेल तर ‘केराटोकोनस आहे का बघा’ असं स्पष्ट म्हणा. लवकर कळलं तर क्रॉसलिंकिंग करून, म्हणजे थेंब आणि किरणांनी तो पडदा कडक करून, ते थोपवता येतं. एखाद्या दिवशी डोळा अचानक पांढुरका होऊन गळायला लागला तर त्याच दिवशी दाखवा. आणि खाजेसाठी मेडिकलमधून ‘मागच्या वेळचेच थेंब द्या’ म्हणून आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, मनाने महिनोन्महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. खाजेवर कोणीतरी मध घालायलाही सांगतं. कृपा करून डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका.

चष्मा ठेवेल का? बहुतेक ठेवतात, फ्रेम बरोबर असेल तर. डाऊनच्या मुलांचं नाक वरून बसकं असतं, साधी फ्रेम घसरते आणि मूल काचेच्या वरून बघायला लागतं. मग तो चष्मा असून नसल्यासारखाच. नाकाचा दांडा खाली असलेली, हलकी, धातू नसलेली फ्रेम घ्या, काड्या कानामागे वळणाऱ्या किंवा मागून पट्टा लावलेल्या, काच पॉलिकार्बोनेटची. लक्ष्मी रोडवर चार दुकानं फिरा, मुलाला घालून बघा, खाली वाकायला लावा, मान हलवायला लावा. सुरुवातीला फक्त त्याच्या आवडीच्या कामाला चष्मा: गाडी खेळताना, मोबाइलवर फोटो बघताना. अभ्यासाला पहिल्याच दिवशी चष्मा म्हणजे अभ्यासाचा राग चष्म्यावर निघतो. महिना झाला तरी भिरकावतोच आहे, तर हट्टी आहे म्हणून सोडून देऊ नका. नाकावर वळ बघा, कानामागे बघा आणि नंबर पुन्हा तपासून घ्या.

शाळेला हेही सांगा की चांगला चष्मा लावूनही डाऊनच्या मुलांची नजर बऱ्याचदा इतरांच्या बरोबरीला येत नाही. फिकट पेन्सिलीऐवजी काळं स्केचपेन, जाड रेघांची वही, पानावर मजकूर कमी. एवढं केलं की ‘लक्ष नाही’ची तक्रार किती उरते ते मग बघू.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाबद्दल एकांनी विचारलंय: ‘डोळे नॉर्मल सांगितले, पण बघतच नाही.’ वेळेआधी जन्मलेल्या किंवा जन्मताना गुदमरलेल्या मुलांत कधीकधी डोळा ठीक असतो, पण चित्र समजून घेणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. त्याला सीव्हीआय म्हणतात. अशी मुलं दिव्याकडे टक लावतात, हलणारी वस्तू चटकन पकडतात, पसाऱ्यातली वस्तू त्यांना सापडत नाही आणि सकाळी दिसलेलं संध्याकाळी दिसत नाही. डॉक्टरांना ‘सीव्हीआय असेल का?’ असं विचारा. उपाय म्हणजे मुख्यतः मांडणी: काळ्या कापडावर एकच पिवळी वस्तू आणि वाट बघायची. डोळ्यांच्या व्यायामाची महागडी पॅकेजेस घेण्याआधी थांबा. अशा व्यायामांनी शिकण्यातल्या अडचणी दूर होतात याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलंय.

खर्चाचं एक: केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्यविम्याची योजना घेतली नसेल तर घ्या. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांना ती लागू आहे, विमा एक लाखापर्यंतचा.

प्रमाणपत्राबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ दिव्यांगत्वं आहेत, त्यात अल्पदृष्टीही आहे, पण ती मोजतात चष्मा लावून आणि दोन्हींतल्या बऱ्या डोळ्याची. तिथे ६/१८ (म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी भरली किंवा दृष्टीचं क्षेत्र फार आकसलेलं असलं तरच उपयोग. नुसता मोठा नंबर किंवा एका डोळ्याचा आळशीपणा त्यात बसत नाही. म्हणून आत्ता यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राला, हात लावू नका. चष्मा लागून नजर स्थिर झाल्यावर, साधारण वर्षभराने, डॉक्टरांकडून दोन्ही डोळ्यांची चष्म्यासहची नजर लिहून घ्या आणि त्या आकड्यावर ठरवा.