'आढळले नाहीत' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: आमच्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांवर बांधकाम होणार आहे. त्याआधीच्या वन्यजीव सर्वेक्षणाचा अहवाल हाती आला. 'सरपटणारे प्राणी आढळले नाहीत' असं त्यात एका ओळीत उरकलंय, वटवाघळांच्या मात्र शेकडो नोंदी आहेत. हे खरं मानायचं का?

उत्तर: निष्कर्षाचं पान तूर्त बाजूला ठेवा आणि प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, तापमान, वारा यांचा तक्ता शोधा. मी कुठलाही अहवाल तिथूनच वाचायला घेते. तक्ताच नसेल तर 'आढळले नाहीत' याला काडीचा अर्थ नाही.

साप किंवा सापसुरळी सकाळी ऊन खाते, अंग तापलं की झुडपात शिरते. भर दुपारी चक्कर मारणाऱ्याला टेकडी रिकामीच दिसणार! म्हणून आम्ही पत्रे आणि डांबरी फेल्टचे (छपरावर अंथरतात त्या जाड थराचे) तुकडे गवताच्या कडेला टाकतो, म्हणजे हे प्राणी उबेला त्याखाली येऊन बसतात; दोनेक आठवडे त्यांना हात लावत नाही, मग तपासतो. पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली साप असलाच तर मध्ये पत्रा राहतो. बहुतेकदा मुंग्याच निघतात. कधी नुसती कात, कधी ओलसर वाळूत पोटाचा नागमोडी माग. त्याचीही नोंद व्हायलाच हवी. प्राणी असेल तर पत्रा त्याच्या अंगावर सोडायचा नाही. आधी त्याला बाजूला सरकू द्यायचं, मग पत्रा ठेवायचा. तो आपणहून खाली शिरतो. ब्रिटनमध्ये अशा किमान सात फेऱ्या करायची पद्धत आहे. तुमच्याकडे किती झाल्या?

आता वटवाघळं. शेकडो नोंदी म्हणजे शेकडो वटवाघळं नव्हेत. वाऱ्याच्या आडोशाला किडे जमतात, तिथे एकच वटवाघूळ तासभर घिरट्या घालतं आणि डिटेक्टर, म्हणजे त्याच्या हाका टिपणारं यंत्र, दर खेपेला नवी नोंद करतो. उलट समुद्राकडच्या उघड्या बाजूला लावलेल्या यंत्रात वाऱ्याचाच आवाज भरतो. यंत्रं कुठे लावली होती त्याचा नकाशा मागा, मूळ ध्वनिमुद्रणंही मागा. संगणकाने सुचवलेली जात जाणकाराने तपासावीच लागते. युरोपात पिपिस्ट्रेल या छोट्या वटवाघळांच्या दोन जाती कितीतरी वर्षं एकच समजल्या जात होत्या. एकीची हाक 45 किलोहर्ट्झच्या आसपास, दुसरीची 55 च्या, हा फरक 1990 च्या दशकात पुढे आला.

ऋतूही बघा, किनाऱ्यावर तर नक्कीच. 2016 मध्ये लंडनला ओळखीची कडी घातलेली नाथूसियस पिपिस्ट्रेल या जातीची मादी 2021 मध्ये रशियातल्या प्स्कोव्ह भागात सापडली. अंतर 2,018 किलोमीटर आणि वजन जेमतेम 8 ग्रॅम! तुमच्याकडच्या जाती वेगळ्या असतील, पण स्थलांतर करणारी वटवाघळं किनाऱ्यावरून जातात ती वर्षातल्या मोजक्या आठवड्यांत. त्या काळातल्या रात्री अहवालात नसतील, तर सर्वेक्षण अपुरं असल्याचं हरकतीच्या मुदतीत लेखी कळवा आणि सोबत तो फेऱ्यांचा तक्ता जोडा.