तिकिटं छापण्याआधी राज्याचा कायदा वाचा
अमेरिकेत संस्थेच्या निधीसाठी रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसाची सोडत काढताय, हेतू चांगलाच आहे. पण कायदा तीन गोष्टी बघतो: बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे. तिन्ही एकत्र आल्या की ती लॉटरी, आणि खासगी लॉटरीला बंदी असते. धर्मादाय संस्थांना बऱ्याच राज्यांत सूट आहे, पण अटी राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात आधी अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) नोंदणी लागते आणि तिकीटविक्रीचे किमान ९० टक्के पैसे सेवाकार्याला जावे लागतात. युटा राज्यात तर धर्मादाय रॅफललाही मुभा नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी नशीब बाजूलाच ठेवा. निबंधस्पर्धा घ्या, निकष आधी जाहीर करा, जाणते परीक्षक नेमा. प्रवेश फी मात्र विचारूनच लावा, सगळीकडे चालत नाही.