एचआयव्हीची चाचणी ९९% अचूक असेल, तर पॉझिटिव्ह आल्यावर लागण ९९% नक्की का?

नाही, एका रिपोर्टवरून घाबरून जाऊ नका. ९९% म्हणजे लागण असेल तर चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता. तुम्हाला हवी ती नेमकी उलटी, पॉझिटिव्ह आली तर लागण असण्याची. भारतात प्रौढांमध्ये लागणीचं प्रमाण साधारण ०.२%, म्हणजे लाखात २००. त्यातले १९८ पॉझिटिव्ह येतील. पण लागण नसलेल्या ९९,८०० जणांतही १% चुकले तरी ते ९९८ होतात! एकूण ११९६ पैकी खरे १९८, म्हणजे सहातला जेमतेम एक. म्हणूनच नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) पद्धतीत लक्षणं नसलेल्या माणसाचं निदान वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतरच पक्कं करतात. मात्र जोखमीचा संबंध आला असेल, तर सुरुवातीचं प्रमाणच जास्त धरावं लागतं; तेव्हा पुढची चाचणी लांबवू नका.