चालती आहे तोवर दे

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबा गेले, आता त्यांच्या ओम्नी व्हॅनचं काय करायचं, हे विचारलंस. भाऊ दुबईहून म्हणतो, काढून टाक. आई म्हणते, बाबांची ओम्नी आहे, राहू दे अंगणात. आणि माशेलचा तो प्लंबर दर आठवड्याला विचारून जातो. तुझं मन आईकडे कललंय हे कळलंच, म्हणून तर लिहायला बसलो.

गाडी चालती आहे तोवर दे. भंगारात नव्हे, माणसाला.

माझे वडील गेले तेव्हा दारात त्यांची फियाट होती. मीही म्हटलं, राहू दे. फणसाखाली लावली, वर ताडपत्री बांधली. पहिल्या पावसाळ्यात टायर बसले. दुसऱ्यात ताडपत्रीखाली ओल कोंडून छताला गंज चढला. झाकली म्हणून लवकर सडली, हे मला मागाहून गॅरेजवाल्याने सांगितलं. उंदरांनी वायरी कुरतडल्या. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची आणि आम्ही सगळे त्याला हसायचो. मीही. सातव्या वर्षी भंगारवाला आला. ओढायला गेले तर पत्रा हातात आला, म्हणून गॅस कटर आणून अंगणातच कापली. जळलेल्या रेक्झिनचा वास दोन दिवस घरातून गेला नाही. आईने कटर सुरू होताच खिडकी लावून घेतली. किलोवर पैसे मिळाले. मोजले नाहीत असं मी सगळ्यांना सांगत आलो. मोजले होते.

त्याला मी माया म्हणायचो. कागद करायचा कंटाळा होता तो, दुसरं काही नाही.

तेव्हा कागद आधी. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, बाबांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. दोन महिने झालेच की! कळवायचं राहिलं असेल तर उद्याच जा. आणि आईला विचारल्याशिवाय सही कुठे करू नकोस. वेगळा करार केला नसेल तर गोव्याच्या कायद्याने नवराबायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे अर्धी गाडी तशीही तिचीच. मग प्लंबरला देताना मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30. तो म्हणेल, ताई, नंतर बघू. नंतर नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. गाडी मध्ये कितीही हात बदलो. नाव उतरलं की मगच किल्ली.

'तो सीटवर पाइप टाकील' हे आईचं म्हणणं. टाकू दे की! बाबांनी काय टाकलं नव्हतं तिच्यात? चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान आणायचो आम्ही दोघे. सरकतं दार अर्धं उघडंच, कारण सुपारीचा घोस आत मावायचा नाही. मांडीवर चिबूड, आणि सीटखाली इंजिन, त्यामुळे चढणीला बूड भाजून निघायचं. बाबा म्हणायचे, मास्तर, थंडीत याचे वेगळे पैसे पडतात. ती सामान वाहायलाच जन्मली, बाय. 2019 मध्ये ओम्नी बनायची बंद झाली, म्हणूनच तो प्लंबर जीव टाकतोय. ज्याचं पोट तिच्यावर, तो ऑइल वेळेवर बदलेल. तू बदलशील? खरं सांग. दोन महिन्यांत किती वेळा चालू केलीस?

चालती आहे तोवर दे. हे मी तिसऱ्यांदा लिहीन, चौथ्यांदाही लिहीन.

आता तू म्हणशील, मास्तर, तुमच्या व्हरांड्यात ती चेतक स्कूटर कशाला आहे मग? कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. ती चालते. दर रविवारी बाहेर काढतो, डावीकडे वाकडी करतो, चार किका मारतो. कधी सात. मागच्या महिन्यात सुरू झाली नाही ही गोष्ट खरी, पण तो प्लगचा दोष होता. शिवाय तिला विचारायला कोणी येतही नाही. तुझ्याकडे माणूस दारात उभा आहे, यात फरक आहे की नाही? आहे. मुलगा हसतो ते सोड.

रविवारी सकाळी येतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली असणार, गरम पाणी तयार ठेव, 10 चा पाना मी आणतो. सुरू झाली की आईला पुढे बसव, म्हार्दोळला जाऊन जायांच्या फुलांची माळ घेऊन या. प्लंबरला दुपारनंतर बोलाव.

तुझा,
मास्तरकाका