टीव्ही, सेटटॉप बॉक्स, साउंडबार, स्ट्रीमिंग स्टिक आणि एसी या सगळ्यांसाठी एकच टचस्क्रीन युनिव्हर्सल रिमोट घ्यायचा आहे. कोणता निवडावा आणि सेटअप कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच रिमोट आहेत आणि कोणता कशाचा हे आईवडिलांना रोज सांगावं लागतं. एकच रिमोट करण्याचा विचार चांगला आहे. फक्त रिमोटांची तुलना सुरू करण्याआधी अर्धा तास या पाच यंत्रांसमोर बसा आणि कोणाला कुठला सिग्नल कळतो ते पाहून घ्या. माझा पहिला टचस्क्रीन रिमोट मी हे न करता घेतला. स्क्रीन सुरेख होती, पण सिग्नल फक्त इन्फ्रारेडचा होता, आणि घरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी स्टिक त्याला जुमानत नव्हती.

टीव्ही, सेटटॉप बॉक्स, साउंडबार आणि एसी बहुतेक इन्फ्रारेडवर चालतात. रिमोटच्या टोकाचा बारीक दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकवतो आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांमध्ये हुकूम भरलेला असतो. फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करून त्याच्यासमोर बटण दाबलंत तर तो दिवा स्क्रीनवर जांभळट चमकताना दिसतो. स्टिकच्या बाबतीत मात्र ही चाचणी फसवते. कित्येक स्टिकच्या रिमोटमध्ये दिवा असतो, पण तो टीव्हीचा आवाज कमीजास्त करण्यापुरताच. स्टिकशी त्याचं बोलणं ब्लूटूथ किंवा वायफायवरून चालतं. म्हणून दुसरी चाचणी करा: रिमोट जाड पांघरुणाखाली धरून बाणाचं बटण दाबा. स्टिक तरीही हलली तर ती इन्फ्रारेडवर चालत नाही. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नाही. प्लेस्टेशन ४ आणि ५ चंही तसंच. ॲपल टीव्हीला मात्र दोन्ही कळतं.

स्टिकसाठी दोन वाटा आहेत. ब्लूटूथही बोलणारा रिमोट घ्यायचा, आणि घेण्याआधी त्याच्या यादीत तुमच्या स्टिकचं नेमकं मॉडेल आहे का ते बघायचं. ‘ब्लूटूथ आहे’ एवढ्यावर विसंबायचं नाही. दुसरी वाट बिनखर्चाची आहे. एचडीएमआय केबलमधून यंत्रं एकमेकांना हुकूम देऊ शकतात. त्या सोयीचं मूळ नाव सीईसी, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते क्वचितच सापडतं: सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणते, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिम्पलिंक, पॅनासोनिक व्हिएरा लिंक. ती चालू करा आणि टीव्हीच्या मूळ रिमोटच्या बाणांनी स्टिक फिरते का ते पाहा. फिरत असेल तर युनिव्हर्सल रिमोटने फक्त टीव्हीशी बोलायचं, पुढचा निरोप टीव्ही पोचवतो. आमच्या घरी शेवटी हेच चाललं आणि आजही चालतंय.

आता निवड. टचस्क्रीन हा शब्द ऐकून पूर्ण काचेचा रिमोट डोळ्यांसमोर येतो. माझं मत स्पष्ट आहे: आईवडील वापरणार असतील तर तो घेऊ नका. आवाज वाढवणं, म्यूट करणं, चॅनल बदलणं ही कामं माणूस नजर टीव्हीवर ठेवून अंगठ्याने चाचपून करतो. काचेवर चाचपायला काही नसतं. प्रत्येक वेळी मान खाली घालून, स्क्रीन जागी करून, नेमक्या जागी बोट टेकवावं लागतं, आणि बोटं कोरडी असली किंवा थरथरली तर तेही नीट होत नाही. वर लहान टचस्क्रीन आणि खाली आवाज, म्यूट, चॅनल, बाण आणि ‘ओके’ यांची खरी उठावाची बटणं, अशी रचना सगळ्यात उत्तम. दिवसातून एकदोनदा लागणारी कामं स्क्रीनवर, शंभरदा लागणारी बटणांवर.

तिसरा पर्याय म्हणजे फोनमधलं ॲप आणि खोलीत ठेवायचा वायफाय ब्लास्टर, म्हणजे फोनचा हुकूम वायफायवरून घेऊन तो इन्फ्रारेडने यंत्रांकडे पाठवणारी डबी. हा स्वस्त पडतो आणि त्याच्या यादीत एसीचे कोड, म्हणजे त्या त्या यंत्राला कळणाऱ्या हुकुमांचे तयार संच, भरपूर असतात. पण फोन ज्याचा तो बाहेर गेला की घरातल्यांच्या हातात काहीच उरत नाही. ज्येष्ठांसाठी तो जोडीला असावा, एकुलता एक नसावा.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याला किंवा निर्मात्याला विचाराच: सेटिंग कुठे साठवलं जातं? रिमोटमध्येच असेल तर उत्तम. निर्मात्याच्या सर्व्हरवर असेल, तर तो सर्व्हर बंद पडल्यावर काय होणार हा प्रश्न खरा आहे. या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे लॉजिटेकचं हार्मनी. २०२१ च्या एप्रिलमध्ये कंपनीने ते रिमोट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. जुन्या ग्राहकांना सेवा देत राहू असंही तिने सांगितलं, पण नवा माल थांबला. माझ्या दुसऱ्या रिमोटचं ॲप तर एका अपडेटनंतर माझा फोन ओळखेनासंच झालं. रिमोट धडधाकट होता, पण नवं यंत्र त्यात घालता येत नव्हतं. तेव्हापासून मी बॅकअप फाइल काढता येते का आणि बॅटरी घरी बदलता येते का हे आधी पाहतो. टचस्क्रीनचे रिमोट बहुधा चार्जिंगच्या लिथियम बॅटरीवर चालतात आणि ती तीनचार वर्षांत थकते. ठेवायला चार्जिंगचा स्टँड मिळत असेल तर अवश्य घ्या, म्हणजे रिमोटला ठरलेली जागा मिळते आणि तो उशीखाली हरवत नाही.

सेटअपला लागाल तेव्हा घरात कुणाला टीव्ही पाहायची घाई नाही अशी वेळ निवडा. प्रत्येक यंत्राच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवरचं मॉडेल उतरवून घ्या. सेटटॉप बॉक्सच्या बाबतीत त्यावर छापलेल्या सेवेच्या नावापेक्षा स्टिकरवरचं मॉडेल जास्त उपयोगी पडतं. यादीतून कोड निवडल्यावर फक्त पॉवरचं बटण चाललं म्हणून पुढे जाऊ नका. एकाच कंपनीच्या अनेक कोडसंचांत पॉवर आणि आवाज सारखे असतात आणि मेनू, इनपुट, ‘बॅक’ वेगळे. ती तीन तपासा, मगच कोड पक्का करा.

यादीत नसलेलं बटण रिमोटला शिकवता येतं. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, मध्ये तीनचार सेंटिमीटर अंतर ठेवून, उन्हापासून दूर ठेवायचे. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालायचे आणि बटण क्षणभर दाबून सोडायचं. दाबून धरलं की तोच हुकूम पुनःपुन्हा नोंदला जातो, मग एक चॅनल पुढे जाण्याऐवजी तीन जातात. फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीच्या यंत्रांत याच्या उलट गंमत होते. त्या पद्धतीत दर नव्या दाबाला सिग्नलमधला एक बारीक तुकडा (बिट) बदलतो. त्यावरून यंत्राला कळतं की हा नवा दाब आहे, आधीचंच बटण धरून ठेवलेलं नाही. शिकवलेला कोड मात्र दर वेळी तोच जातो, त्यामुळे ‘५’ दोनदा दाबून ‘५५’ लागत नाही. असं झालं तर शिकवण्याचा नाद सोडा आणि त्या यंत्राचा कोड यादीतच शोधा. सोनीच्या यंत्रांना प्रत्येक हुकूम किमान तीनदा गेलेला लागतो. एकदाच पाठवणाऱ्या रिमोटचं ती ऐकत नाहीत, तिथे ‘रिपीट’ची संख्या वाढवा.

एसी मात्र कधीही शिकवायला बसू नका. एसीच्या रिमोटवर तापमान, पंख्याचा वेग, मोड दिसतात, कारण ती स्थिती रिमोटच्याच लक्षात असते. तुम्ही एक अंश वाढवलात की बहुतेक रिमोट ‘एक वाढव’ असं सांगत नाहीत; ‘कूल, २५ अंश, पंखा मध्यम, झडप फिरती’ असा अख्खा हुकूम एका दमात पाठवतात. तो टीव्हीच्या हुकुमापेक्षा कितीतरी लांब असतो आणि पुष्कळ शिकणाऱ्या रिमोटांत मावतही नाही. तुमच्या एसीचा तयार संच ज्याच्या यादीत आहे असाच रिमोट किंवा ब्लास्टर घ्या. नसेलच, तर एसीला त्याचा मूळ रिमोट राहू द्या. पाचाचे दोन झाले तरी आईवडिलांचं काम पुष्कळ हलकं होतं.

सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायला हवा ती गोष्ट आता सांगतो. या रिमोटांची खरी ताकद एका स्पर्शात सगळं लावण्यात आहे: ‘टीव्ही पाहा’ दाबलं की टीव्ही चालू, बॉक्स चालू, साउंडबार चालू, इनपुट बरोबर. पण बहुतेक मूळ रिमोटांवर पॉवरचं एकच बटण असतं. यंत्र बंद असेल तर ते चालू करतं आणि चालू असेल तर बंद. समजा कोणी साउंडबार आधीच हाताने लावून ठेवलाय आणि तुम्ही ‘टीव्ही पाहा’ दाबलंत. टीव्ही उजळतो, साउंडबार गप्प होतो. पुन्हा दाबलंत की नेमकं उलटं. वडीलधाऱ्यांचा रिमोटवरचा विश्वास इथेच उडतो, आणि एकदा उडाला की ते जुने रिमोट परत काढून ठेवतात.

उपाय असा: पुष्कळ यंत्रांना ‘फक्त चालू हो’ आणि ‘फक्त बंद हो’ असे दोन वेगळे हुकूम कळतात, त्यांच्या मूळ रिमोटवर ती बटणं नसली तरी. यादीत ते ‘पॉवर ऑन’ आणि ‘पॉवर ऑफ’ म्हणून सापडतात. नुसतं ‘पॉवर’ किंवा ‘पॉवर टॉगल’ (म्हणजे तेच चालू-बंद दोन्ही करणारं बटण) दिसलं तर ते नको. इनपुटचंही तेच. ‘पुढचं इनपुट’ नको, थेट ‘एचडीएमआय १’ हवं. यादीत नसतील तर हौशी लोकांनी जमवलेल्या संग्रहांतून हे कोड मिळतात. ते बहुधा चारचार अक्षरांच्या गटांत लिहिलेले असतात. ही पद्धत फिलिप्सच्या प्रॉन्टो या १९९८ सालच्या टचस्क्रीन रिमोटची, आणि ती आजही वापरात आहे. तुम्ही निवडलेल्या रिमोटमध्ये असे कोड घालता येतात का हे आधीच विचारून ठेवा. वेगळा ‘ऑन’ मिळालाच नाही तर एक युक्ती करून पाहा: काही टीव्ही बंद असताना आकड्याचं किंवा इनपुटचं बटण दाबलं तरी जागे होतात, आणि चालू असताना त्याच बटणाने बंद मात्र होत नाहीत. तेच ‘ऑन’ म्हणून वापरा.

आणि सीईसी चालू ठेवलं असेल तर आणखी एक सावधगिरी. स्टिक जागी झाली की ती केबलमधून टीव्हीलाही जागं करते. त्याच क्षणी रिमोटने टीव्हीला पॉवरचा टॉगल पाठवला तर टीव्ही लागून लगेच मावळतो. मला हे कळायला दोन संध्याकाळी लागल्या. मी रिमोट बिघडला समजत होतो. चालू-बंद कोण करणार हे एकदाच ठरवा. रिमोट करणार असेल तर सीईसीच्या सेटिंगमधलं आपोआप चालू-बंद होणं तेवढं काढून टाका, बाण पोचवणं राहू द्या. सगळ्या टीव्हींवर हे वेगळं करता येत नाही. तिथे चालू-बंद केबलवरच सोपवा आणि रिमोटच्या यादीतून तो हुकूम काढा.

हुकुमांच्या मध्ये थांबाही लागतो. टीव्ही लागल्यावर पहिले काही सेकंद तो काहीच ऐकत नाही आणि त्या वेळात गेलेला इनपुटचा हुकूम वाया जातो. सुरुवातीला दहा सेकंदांचा थांबा द्या, सगळं सुरळीत चाललं की एकेक सेकंद कमी करत जा, आणि चुकायला लागलं की दोन सेकंद वाढवून तिथेच सोडा. हे हुकूम जात असताना रिमोट यंत्रांकडेच धरून ठेवावा लागतो, हे आईवडिलांना आधी सांगा. दाबून लगेच तो मांडीवर ठेवण्याची सवय सगळ्यांनाच असते. ती सुटत नसेल तर ब्लास्टर असलेला संच बरा, कारण सिग्नल एका जागेवरून जातो. ब्लास्टरला यंत्रं समोर दिसायला हवीत, कपाटाच्या दारामागे प्रकाश पोचत नाही. बहुतेक ब्लास्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडले जातात, म्हणून जोडणी अडली तर आधी राउटरचं ते नेटवर्क वेगळं करून पाहा.

स्क्रीनवर पहिल्या पानावर तीनच मोठी चित्रं ठेवा: ‘टीव्ही’, ‘सिनेमा’ आणि ‘सगळं बंद’. बाकीचं दुसऱ्या पानावर. अक्षरं मराठीत लिहिता येत असतील तर मराठीत लिहा. मग रिमोट आईच्या हातात द्या आणि शेजारी बसा, पण बोट दाखवू नका. ती कुठे थबकते ते पाहा आणि तिथलं बटण बदला. आमच्या आईने पहिल्या दिवशी ‘सगळं बंद’ शोधायला मिनिटभर घेतलं, कारण मी ते कोपऱ्यात बारीक ठेवलं होतं.

जुने रिमोट टाकू नका. काही बटणं नंतर आठवतात, आणि टीव्ही किंवा बॉक्स रीसेट झाला तर पहिल्या जोडणीला मूळ रिमोटच लागतो. सेल मात्र काढून ठेवा, नाहीतर ते गळून आतले पत्रे गंजतात. प्रत्येकावर यंत्राचं नाव चिकटवा आणि डबा टीव्हीच्या खालच्या कप्प्यात ठेवा. स्टिकचं आणि एसीचं मॉडेल कळवलंत तर त्यांचं कसं जुळेल तेही सांगेन.